उस्तादांची करंगळी

मोठा गिटारवादक वाजवायला बसला की साधा श्रोता डोळे मिटून घेतो. आम्ही तिघे मिटत नाही. आम्हाला थोडंसं वाजवता येतं, आणि थोडंसं येणाऱ्या माणसाला ऐकायला सवड नसते. तो हात बघत असतो. बोट कुठून उठलं, कुठे पडलं, अंगठा त्या वेळी काय करत होता, हे सगळं टिपून घरी न्यायचं असतं. घरी पोहोचेपर्यंत त्यातलं काहीच उरत नाही, ही गोष्ट वेगळी.

तिघे म्हणजे चष्म्याच्या दुकानाचे मालक, त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर बसणारे दातांचे डॉक्टर आणि मी. माझी सगळी नोकरी ग्रंथालयात गेली. निवृत्त झाल्यावर मी घरी वाचत बसायचो, तेव्हा आमची ही एकदा म्हणाली, "अहो, सकाळी पुस्तक शोधायचं आणि संध्याकाळी चष्मा शोधायचा, याशिवाय काहीतरी करा." त्या संध्याकाळी चष्मा खरोखरच सापडला नाही. नवा करायला म्हणून गेलो, तर दुकानाच्या मागच्या खोलीतून गिटारचा आवाज येत होता. मी काउंटरपाशी उभा राहून ऐकत राहिलो. चष्म्याचं विसरलो. पुढच्या महिन्यात माझ्याकडे गिटार होती. माझ्या प्रगतीबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. ही म्हणते, पूर्वी शेजारी खिडकी लावून घ्यायचे, आता नुसता पडदा ओढतात. तेवढी प्रगती समजा.

मागची खोली म्हणजे डोळे तपासायची खोली. ती इतकी लहान की अक्षरांचा तक्ता पुरेशा अंतरावर लावायला जागा नाही. म्हणून तक्ता खुर्चीच्या मागे टांगलेला, उलट्या अक्षरांचा, आणि समोरच्या भिंतीवर आरसा. गिऱ्हाईक आरशात बघून वाचतं. दर रविवारी सकाळी आम्ही तिथेच बसतो. तपासणीच्या उंच खुर्चीवर डॉक्टर, कारण त्यांना उंच खुर्चीची सवय, स्टुलावर मी, आणि दाराला टेकून उस्ताद. त्या आरशात तिघांचे हात दिसतात, आणि पाठीमागे मोठ्यातून बारीक होत गेलेली अक्षरं.

उस्ताद म्हणजे चष्मेवाले. हे नाव डॉक्टरांनी ठेवलं. दोघे शाळेतले सोबती, त्यामुळे त्यात आदर किती आणि खोडी किती हे सांगता येणार नाही. पण नाव चिकटलं. आता वहिनीसुद्धा चिडल्या की काउंटरवरून ओरडतात, "उस्तादांना म्हणावं, बाहेर गिऱ्हाईक खोळंबलंय."

आमच्यात उस्तादच खरे वाजवणारे. डॉक्टर जोरात वाजवतात आणि चुकलं तर आणखी जोरात. त्यांना हातमोज्यांमुळे तार छेडायची नखं वाढवता येत नाहीत, म्हणून त्यांचा सूर गादीवर थाप मारल्यासारखा येतो. मी इतका हळू वाजवतो की चूक झाली तरी ती माझ्यापाशीच राहते. उस्तादांचं तसं नाही. भिंगाची कड घासता घासता त्यांच्या बोटांना जो हलकेपणा आला आहे तो गिटारवरही उतरतो. त्यांच्याकडे एक तुकडा आहे. गिटार शिकणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला जे दोन-चार तुकडे येतात त्यांतलाच तो. सुरुवातीला संथ, मग जिना चढत गेल्यासारखा. उस्ताद तो कित्येक वर्षं वाजवत आहेत. मी त्या संध्याकाळी काउंटरपाशी उभा राहून ऐकला तो हाच.

त्या तुकड्यात एक अडचण होती. तीन ठिकाणी पहिलं बोट खाली जाड तारेवर दाबून ठेवायचं आणि त्याच वेळी करंगळी पार वरच्या फ्रेटपर्यंत, म्हणजे दांड्यावरच्या आडव्या पट्टीपर्यंत, न्यायची. उस्तादांची करंगळी आखूड. ते मला हात पुढे करून दाखवायचे. "ही बघा, अण्णा. देवाचं कापड संपत आलं तेव्हा शिवलेली." मग ते काय करायचे, तर जाड तारेवरचा तो खालचा सूर सोडून द्यायचे. "गिटार हे लांब बोटांच्या लोकांचं वाद्य आहे," असं त्यांचं ठाम मत. ते आम्हाला पटलं होतं. निदान आमच्या बोटांपुरतं तरी.

आता ग्रंथालयाची गोष्ट सांगायला हवी. तिथे वाचकांसाठी नवं दालन बांधलं, आणि रविवारी दुपारी ते उघडायचं ठरलं. नवे ग्रंथपाल घरी आले. फार सज्जन माणूस. म्हणाले, "इतकी वर्षं तुम्ही तिथे काढलीत. पंधरा मिनिटं बोला."

चार माणसांत बोलायचं म्हटलं की मला स्वतःचं नावसुद्धा खात्रीने सांगता येत नाही. मी म्हणालो, "वाचनाच्या दालनात बोलणं बरं दिसत नाही. त्यापेक्षा गिटार ठेवा. माझ्या ओळखीचे एक फार चांगले वादक आहेत." ते खूष होऊन गेले. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "सुटलात."

उस्तादांना विचारलं तेव्हा ते आधी भिंगं पुसत राहिले. मग म्हणाले, "लोक असतील?"

"असतील थोडेफार."

"माझ्या ओळखीचे?"

"निम्मे तुमचेच चष्मे लावून येतील."

ते हसले, आणि हो म्हणाले. त्यानंतर वहिनी सांगायच्या, माणूस शीळ घालत दुकान उघडतो. चारचौघांत वाजवायची ही त्यांची पहिलीच वेळ. आयुष्यभर तपासणीच्या खोलीत वाजवलेला तुकडा आता खोलीबाहेर निघणार होता.

नेमक्या त्याच आठवड्यात मोठ्या नाट्यगृहात गिटारच्या बाई आल्या. त्यांचं नाव आमच्यासारख्यांच्या घरात कसं घेतात ते तुम्हाला सांगून कळणार नाही. डॉक्टरांनी दुपारचे रुग्ण पुढे ढकलले. उस्तादांनी दुकानातली दुर्बीण आणली, विकायला ठेवलेली, किमतीची चिठ्ठी दोऱ्याला लटकत असलेली. आम्ही बाल्कनीत पहिल्या रांगेत बसलो आणि पाळीपाळीने बघायचं ठरलं.

बाई रंगमंचावर आल्या आणि आम्ही तिघे थोडे पुढे वाकलो. त्या अगदी लहानखुऱ्या होत्या. खुर्चीवर बसल्यावर पाय टेकायला पाट ठेवला होता तो डाव्या पायापुरता, पण उजव्यालाही चालला असता. डॉक्टर कुजबुजले, "ही गिटार घेऊन आलीय की गिटार हिला घेऊन आलीय?"

मग त्यांनी वाजवायला सुरुवात केली आणि डॉक्टरांचं बोलणं बंद झालं.

मोठा वादक बघताना आमच्यासारख्यांचं काय होतं ते मी प्रामाणिकपणे सांगायचा प्रयत्न करतो. पहिली काही मिनिटं आपण त्यांच्यासोबत वाजवत असतो. मांडीवर बोटं हलतात. मग त्या वेग वाढवतात, आपली बोटं मागे पडतात, आणि गाडी सुटल्यावर फलाटावर उभ्या माणसासारखे आपण हात हलवत राहतो. मग आपण चूक शोधायला लागतो. दुष्टपणाने नव्हे, एखादी चूक सापडली तर बरं वाटेल, माणूस आहे म्हणायचं. ती सापडत नाही. मग आपण गिटारला दोष देतो: असली गिटार असती तर. मग आईवडिलांना: लहानपणी कुणी हातात दिली असती तर. आणि हे सगळं चाललेलं असताना मधेच बाई एक साधी पकड घेतात, अगदी पहिल्या महिन्यात शिकवतात ती, आणि छातीत काहीतरी उडी मारतं. ही मला येते. मी डॉक्टरांना कोपर मारलं. डॉक्टर म्हणाले, "हो हो, मलाही येते." त्या क्षणी बाई आणि आम्ही एका घरातले होतो. पुढच्या क्षणी त्या निघून गेल्या.

मला मात्र एकदाही वाईट वाटलं नाही. मला इतकं कमी येतं की माझ्यात आणि बाईंच्यात किती अंतर आहे याचा मला अंदाजच नाही. चंद्र लांब आहे म्हणून कुणी रडत नाही.

टाळ्या थांबेनात तेव्हा बाई परत येऊन बसल्या आणि आणखी एक तुकडा सुरू केला. पहिल्या दोन सुरांतच आम्ही ओळखला. डॉक्टर आनंदाने म्हणाले, "अरे, हा तर तुझा." उस्तादांनी दुर्बीण माझ्या हातातून घेतली. खरं तर पाळी माझी होती, पण मी काही बोललो नाही.

तो मी शेकडो वेळा ऐकला होता, पण फक्त उस्तादांकडून. त्यामुळे जिन्याच्या चढावर पोहोचल्यावर बाईंच्या गिटारमधून खाली कुठूनतरी एक खोल सूर आला, जणू घराच्या तळघरात कुणी दिवा लावला, तेव्हा मी उस्तादांच्या कानाशी लागून विचारलं, "हे मधेच काय घातलं बाईंनी?"

उस्तादांनी दुर्बीण काढली नाही. म्हणाले, "घातलेलं नाही, अण्णा. ते असतंच."

परतताना डॉक्टर रस्त्याने मोठ्याने गुणगुणत होते. उद्याच नव्या तारा आणणार, रोज सकाळी दवाखाना उघडायच्या आधी वाजवणार, वगैरे. मीही खुशीत होतो. उस्ताद दुर्बिणीच्या दोऱ्याला बोटाने पीळ देत चालले होते.

"तिचा हात बघितलात?" ते मला म्हणाले.

"बघितला की. काय हात आहे."

"केवढा आहे ते बघितलंत? माझ्या हातापेक्षा लहान आहे. करंगळी तर माझ्याहून आखूड. दुर्बिणीतून नीट बघितली मी."

"असेल."

"मग," उस्ताद म्हणाले, आणि दोऱ्याचा पीळ सोडून पुन्हा घालायला लागले.

दोन दिवसांनी वहिनींचा फोन आला. "अण्णा, तुम्ही जरा येऊन जा. माणूस बिघडलाय. कार्यक्रमाहून आल्यापासून एकच एक ठिकाण वाजवतात आणि थांबतात. वाजवतात आणि थांबतात. काल एका गिऱ्हाइकाचा उजव्या डोळ्याचा नंबर डाव्याला लिहिला. आज तर गिटार पेटीत घालून कपाटावर टाकली. मी म्हटलं, काय झालं, तर म्हणे, काही नाही, रविवारचं रद्द."

मी गेलो तेव्हा उस्ताद काउंटरवर एका चष्म्याचा ढिला झालेला स्क्रू बसवत होते. मान वर न करता म्हणाले, "ग्रंथपालांना सांगा, दुसरं काहीतरी बघा."

"दुसरं म्हणजे माझं भाषण आहे."

"द्या भाषण."

"उस्ताद, तुम्ही मला ओळखता."

"अण्णा, ऐका." त्यांनी चष्मा खाली ठेवला. "इतकी वर्षं मी म्हणत होतो, बोट आखूड आहे. झाकली मूठ होती ती. बाईंनी उघडली. आता मी तो सूर सोडून वाजवायला लागलो की मला भोक ऐकू येतं. तो सूर घ्यायला गेलो की बाकीचं सगळं कोसळतं. आधी जे येत होतं तेही गेलं. अशा वाजवण्याला लोकांपुढे काय न्यायचं? घरातही नको."

पुस्तकांत अशा वेळी कुणीतरी नेमकं वाक्य बोलतं. मी वरच्या मजल्यावर जाऊन डॉक्टरांना बोलावून आणलं.

डॉक्टर एका रुग्णाला भूल देऊन, ती चढेपर्यंत खाली आले. तोंडावरचा मास्क गळ्यात ओढलेला. सगळं ऐकून ते म्हणाले, "एका सुरासाठी? माझ्याकडे येणाऱ्यांत बत्तीसच्या बत्तीस दात असलेला माणूस मी वर्षात एखादा बघतो. बाकीचे हसायचे थांबलेत का?"

"पुढचा दात नसला तर तोंडावर हात ठेवून हसतात," उस्ताद म्हणाले.

"तुझा मागचा आहे. दाढ. कुणाला दिसतेय?"

"मला दिसतेय ना."

"मग काढ ती गिटार खाली आणि दाखव कुठे दिसते. मी दातांचा डॉक्टर आहे, तोंड उघडल्याशिवाय मला काही कळत नाही. आणि लवकर, वर बाई गाल बधिर करून बसल्यात."

उस्ताद कुरकुरत मागच्या खोलीत गेले. कपाटावरून पेटी काढली. माझी गिटार त्याच खोलीत असते, कारण आमच्या हिने तिला घरात कायमची जागा दिलेली नाही. डॉक्टर उंच खुर्चीवर चढून बसले, आणि मी हातांना काहीतरी काम हवं म्हणून माझी गिटार मांडीवर घेतली.

उस्तादांनी सुरुवातीपासून वाजवलं. जिना चढत गेले, आणि नेमक्या ठिकाणी थांबले. "इथे. हे बघ, करंगळी इथे, आणि खाली इथे." त्यांनी पहिल्या बोटाने जाड तारेकडे जायचा प्रयत्न केला, करंगळी सुटली. "झालं. गेलं."

"खाली म्हणजे कुठे?" मी विचारलं. खरंच मला कळलं नव्हतं.

"जाड तार, तिसरा फ्रेट." सांगता सांगता त्यांनी वरची पकड पुन्हा वाजवून दाखवली.

मी माझ्या गिटारवर जाड तारेचा तिसरा फ्रेट दाबला आणि अंगठ्याने तार छेडली. तो फक्त पडताळून बघायचा प्रकार होता. कपाटातलं पुस्तक जागेवर आहे की नाही ते बोट लावून बघावं तसा. सूर आला. उस्तादांची वरची पकड अजून घुमत होती, आणि त्या दोन्हीचं मिळून तेच झालं जे बाल्कनीत ऐकलं होतं. तळघरातला दिवा.

मग डॉक्टर म्हणाले, "ठरलं. कवळी बसली."

"काहीतरीच काय," उस्ताद म्हणाले. "एक माणूस अख्खा तुकडा वाजवणार आणि दुसरा शेजारी बसून एक सूर? लोक हसतील."

"हसू देत. दात दिसतील. मला गिऱ्हाईक मिळेल."

मीही म्हणालो की हे शक्य नाही. भाषणाला घाबरून मी गिटार पुढे केली होती, आणि आता गिटारही माझ्याच गळ्यात येत होती. एक सूर तीन वेळा वाजवायचा, म्हणजे चुकायला तीन जागा. पंधरा मिनिटांच्या भाषणात माणूस कुठेतरी सावरून घेतो. एकाच सुरात सावरायला जागा कुठे? हे मी बोलून दाखवलं असतं, पण उस्तादांनी पुन्हा सुरुवातीपासून वाजवायला घेतलं होतं, आणि त्या ठिकाणी आल्यावर त्यांनी आरशातून माझ्याकडे नुसतं बघितलं. मी तार छेडली. ते न थांबता पुढे गेले. तीन दिवसांत पहिल्यांदाच पुढे गेले. दारात वहिनी येऊन उभ्या होत्या. त्यांनी मला हाताने खूण केली, चालू द्या.

मी गिटार घरी नेली आणि रविवारपर्यंत दुसरं काही केलं नाही. एकच सूर वाजवत बसायचो. ही म्हणाली, "पूर्वी निदान चुकायला वेगवेगळं असायचं." रविवारी मात्र तिने स्वतःहून पांढरा शर्ट इस्त्री करून पलंगावर ठेवला. मी म्हटलं, "तीन सुरांसाठी एवढं?" ती म्हणाली, "तीन कुठले, एकच तर आहे. पण लोक पूर्ण वेळ तुमच्याकडेच बघणार, कारण तुम्ही काहीच करत नसाल."

हे मला सुचलं नव्हतं. ते ऐकल्यावर मी चहा तसाच ठेवून तो सूर पुन्हा वाजवायला बसलो.

नव्या दालनात अजून रंगाचा वास होता. कपाटं लावलेली, पण वरचे कप्पे रिकामे. वाचनाची लांब टेबलं भिंतीला सरकवून मधे खुर्च्या मांडल्या होत्या. माणसं बरीच आली. निम्म्याहून जास्त खरोखरच उस्तादांच्या दुकानातले चष्मे लावून. ग्रंथपालांनी आमची ओळख करून दिली: "आजचे वादक, आणि त्यांचे साथीदार." साथीदार म्हणून माझा असा उल्लेख आयुष्यात पहिल्यांदाच झाला. मी मान लववली आणि गिटारचा वरचा टोकाचा भाग मागच्या कपाटाला लागून ठक्क वाजला. पहिल्या रांगेत डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

उस्तादांनी सुरुवात केली. त्यांचा पाय थरथरत होता, ते मला शेजारून दिसत होतं. समोरच्यांना दिसत नसावं. संथ भाग गेला. जिना आला. मी पहिलं बोट तिसऱ्या फ्रेटवर ठेवून वाट बघत होतो, इतका वेळ की बोटाला तारेची खूण उमटली असणार. ती जागा आली. मी वाजवला. सूर आला, आणि आपल्या जागी जाऊन बसला. उस्तादांचा पाय थांबला.

त्यानंतर ते जे वाजवायला लागले ते मी तपासणीच्या खोलीत कधी ऐकलं नव्हतं. हात तोच, बोटं तीच, पण जणू कुणीतरी काच पुसून दिली होती. मधल्या भागात एक बारीक वळण आहे, ते नेहमी घाईत जातं. इथे ते त्याच्या मर्जीने सावकाश गेलं. मी हात बघत राहिलो. अंगठा काय करतोय, तिसरं बोट कसं उचललं. माझी बोटं गिटारवर होती खरी, पण मी तिथे नव्हतो. मी बाल्कनीत, पहिल्या रांगेत बसलो होतो.

दुसरी जागा आली आणि निघून गेली. ती गेल्यावर मला कळलं.

लोकांना काहीच कळलं नाही. डॉक्टरांना कळलं, त्यांनी भुवया इतक्या वर नेल्या की चष्मा खाली आला. उस्तादांनी न थांबता माझ्याकडे एक तिरपी नजर टाकली. मी मान खाली घातली आणि ठरवलं की आता जगात तिसरा फ्रेट सोडून दुसरं काही नाही.

तिसऱ्या जागेपाशी मी अगदी वेळेवर तार छेडली. पण उस्तादांचा माझ्यावरचा भरवसा तेवढ्यात उडाला असावा. त्यांनीही पहिलं बोट खाली ताणलं, करंगळी वर धरून ठेवली, आणि तो सूर स्वतः घेतला. तो स्वच्छ नव्हता, बाटलीत अडकलेल्या माशीसारखा भुणभुणला. त्याला माझा सूर शेजारून येऊन मिळाला. इतकी वर्षं जो कधी आलाच नाही तो एकदम दोनदा आला. उस्तादांना वाजवता वाजवता हसू फुटलं, ते हसू बोटांत उतरलं, आणि शेवटच्या ओळी त्यांनी थोड्या जास्तच वेगात, काही ठिकाणी घसरत, पण अशा वाजवल्या की पहिल्या रांगेतल्या एका आजींनी शेवटच्या सुरानंतर टाळ्यांची वाटही बघितली नाही, आधीच "वा" म्हणून मोकळ्या झाल्या.

टाळ्या बऱ्याच वाजल्या. ग्रंथपाल माझ्याकडे येऊन फार मनापासून म्हणाले, "तुम्ही किती संयमाने साथ केलीत." ही शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "घरीही असेच असतात." वहिनींनी उस्तादांच्या हातातून गिटार घेऊन पेटीत ठेवली, तेवढ्यात दोन माणसांनी त्यांना त्यांच्या दुकानातल्या चष्म्यांची तक्रार सांगून घेतली. उस्ताद इतके खूष होते की दोघांनाही सांगितलं, उद्या या, फुकट करून देतो. वहिनी म्हणाल्या, "बघितलंत? असले कार्यक्रम परवडत नाहीत."

पुढच्या रविवारी मी जरा उशिराच गेलो. चुकलेल्या सुराचा हिशेब द्यायचा होता. डॉक्टर नव्या तारा लावून, उंच खुर्चीवर, पूर्वीपेक्षाही जोरात वाजवत होते. उस्तादांनी मला स्टुलावर बसू दिलं, गिटार हातात घेऊ दिली, आणि मग विचारलं.

"अण्णा, ती मधली जागा. तिथे तुम्ही कुठे होतात?"

खोटं बोलायला सुचायला हवं, तेही मला वेळेवर सुचत नाही. मी म्हणालो, "तुमचे हात बघत होतो."

"माझे?"

"हो. त्या दिवशी बाईंचे बघत होतो ना, तसेच."

डॉक्टर वाजवायचे थांबले. उस्ताद माझ्याकडे बघत राहिले, मग आरशातल्या माझ्याकडे, आणि मग खिशातून रुमाल काढून स्वतःचा चष्मा पुसायला लागले. बराच वेळ पुसला. तो आधीच स्वच्छ होता.

"डॉक्टर, उतर रे खाली," ते म्हणाले. "अण्णांचा नंबर वाढलेला दिसतोय. बसा, अण्णा, खुर्चीवर. बघून घेऊ."

मी बसलो. त्यांनी माझ्या नाकावर ती जड गोल फ्रेम चढवली, एक भिंग घातलं, एक काढलं, आणि मी आरशातून शेवटच्या ओळीपर्यंत सगळी अक्षरं वाचून दाखवली. नंबर होता तेवढाच होता.